पाच सुपाऱ्यांचा पंच

जगदेवच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक खुंटीवरचा काळा कोट आणि दुसरी त्याच्या कमरेची चंची. कोट कामरगावच्या सासऱ्यानं लग्नात दिलेला. देताना तो सासऱ्याच्याच मापाचा होता आणि पुढं वीस वर्षांत त्यानं आपला बाणा सोडला नाही. कोटाचे खांदे एकीकडे जात, जगदेवचे दुसरीकडे राहत आणि मधल्या पोकळीत हिवाळ्यात वारा व उन्हाळ्यात गांधीलमाशी आळीपाळीनं बिऱ्हाड करी. चंचीत पान, चुना, तंबाखू, अडकित्ता आणि एक जुनी, वाळून दगड झालेली सुपारी. ही सुपारी कधी फुटत नसे. दिवाळीला चंची धुतली की ती बाहेर निघे आणि चंची वाळली की पुन्हा आत जाई.

कोट पंचनाम्याचा होता. सुपारी बापाची होती. या दोन वस्तूंचं आपसात पटत नाही, हे जगदेवला बेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि त्या वर्षी त्याची झोप, भूक आणि गावातली पत तिन्ही बरोबरच घराबाहेर पडली.

गाव पिंपळटेक. आसेगावच्या अलीकडे कोसभर. शंभरेक घरं, एक मारुती, एक चावडी आणि नाल्यापलीकडे माळावर बंजाऱ्यांचा तांडा. जगदेव तिथला पंच. त्याला कुणी नेमलं नव्हतं. झालं असं की, एकदा कुणाची तरी म्हैस विहिरीत पडून मेली. ढकलली की पडली यावरून डोकी फुटली आणि ठाण्यातून जमादार आला. जमादाराला दोन पंच हवे होते. जमादाराचा घोडा वेशीत दिसताच सगळ्या गावाला आपापल्या शेतातली कामं आठवली. जगदेवलाही आठवली, पण त्याच्या वहाणा नेमक्या चांभाराकडे होत्या. काट्याकुट्यातून अनवाणी पळायचं म्हणजे पायाचे हाल, म्हणून तो ओट्यावर बसून राहिला आणि पंच झाला. दुसरा सापडला उकंडा तेली. तो पळाला नव्हता, कारण तो झोपला होता.

पुढं जमादाराला नवी माणसं शोधायचा कंटाळा आला. जळालेली गंजी असो, कापलेलं झाड असो, पंच म्हणजे जगदेव आणि उकंडा. जगदेवला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याचा अंगठा इतका सुबक उमटे की जमादार त्याची तारीफ करी. मग सासऱ्याचा कोट पेटीतून खुंटीवर आला. बाया त्याला वाट देऊ लागल्या. बाजारात कुणी 'राम राम, पंच' म्हटलं की दिवसभर त्याची चाल बदलून जाई.

आता पंच हा शब्द पाचावरून आला, हे सांगायला शास्त्री लागत नाही. ज्याच्या हाताला बोटं आहेत त्याला तो कळतो. जगदेवच्या बापाच्या, पुंजाजीच्या काळी गावात तंटा झाला की पारावर घोंगडी पडे. घोंगडीवर पाच जण बसत आणि त्यांच्या मधोमध पाच सुपाऱ्या मांडत. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, उठून जाऊन जागा पाहायची, पुन्हा येऊन बसायचं. ज्याच्या मनाची खात्री झाली त्यानं एक सुपारी उचलून तोंडात टाकायची. पाचही उचलल्या गेल्या की निवाडा झाला. एक जरी घोंगडीवर राहिली तरी बाकीच्या चौघांनी नुसतं चघळत बसायचं. आणि सुपारी तोंडात गेली की पंच शब्दाला बांधला गेला. त्यानंतर त्यानं जीभ फिरवली तर गाव त्याच्या हातचं पाणी पीत नसे.

पुंजाजीनं एकदा बांधाच्या तंट्यात आपली सुपारी नऊ दिवस उचलली नाही. चौघांचे गाल सुजले. पेरण्या खोळंबल्या. लोकांनी हात जोडले, मग शिव्या दिल्या. पुंजाजी एवढंच म्हणे, "मले दिसलं नाई त मी कसा उचलू?" दहाव्या दिवशी तंटा तसाच ठेवून घोंगडी गुंडाळली. पुंजाजी बरोबर होता की चूक, हे कधीच कळलं नाही, कारण तो बांध त्याच साली पुरात वाहून गेला. गावानं त्याला मरेपर्यंत आडमुठा म्हटलं आणि त्यानं ती सुपारी मरेपर्यंत जपली.

इंग्रजांच्या अमलात ठाणी आली, कचेऱ्या आल्या. सरकारला शब्द आवडला, माणसं मात्र जास्त वाटली. पाचातले तीन काटकसरीत काढून टाकले, उरलेल्या दोघांनाच पंच म्हणायचं ठरलं आणि त्यापुढं फारशीतला 'नामा' जोडून पंचनामा तयार झाला. अर्धा शब्द आपला, अर्धा इराणातला आणि अंगठा जगदेवचा.

ठाण्याचा जमादार रामधन हा माणसं ओळखणारा होता. त्यानं गावची जुनी रीत कुणाकडून तरी ऐकली होती आणि आपल्या सोयीनं थोडी बदलली होती. जागेवर पोचताच, काही पाहायच्या आधी, तो खिशातून सुपारीची दोन खांडं काढी.

"ले पंच, मुँह में डाल."

जगदेव तोंडात टाकी. ठाण्याच्या जमादारानं आपल्या हातानं सुपारी द्यावी, हा मान बापालासुद्धा मिळाला नव्हता. रीत उलटी झाली आहे, हे त्या मानाच्या चवीत त्याच्या ध्यानात येत नसे.

सन एकतीसच्या पावसाळ्यात जानराव पाटलानं चावडीवर बातमी दिली. गावात सरकारी पंचायत होणार. चैतात तहसिलीतून कारकून येणार आणि लोकांनी हात वर करून पंच निवडायचे.

"किती जन?" जगदेवनं विचारलं.

"पाच."

जगदेवच्या अंगावर काटा आला. पुन्हा पाच!

"चार त मी ठरवले," पाटील म्हणाला. "पाचवा तू. बारा पंचनामे केलेला मानूस मले दुसरा कुठी भेटते? फकत तोवर नीट राह्य. हात माह्या सांगन्यानंच वर होतेत, माहीत हाय ना?"

हे माहीत नसलेला माणूस पिंपळटेकात जन्माला यायचा होता. जगदेव घरी आला तो उंबऱ्याला ठेच लागेपर्यंत आभाळाकडे बघत आला. बायको गोजराबाई भाकरी थापत होती.

"ऐकलं का वो, मी पंच होऊन राह्यलो."

"मंग आजवर काय होते?"

"आजवर बोलावलेला होतो. आता निवडलेला होईन."

"व्वा!" गोजराबाईनं भाकर उलटली. "कोट मंग शिंप्याकडून आटवून घ्या. निवडलेल्या मानसाच्या बाह्या हाताच्या खाली लोंबत नाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलाच्या गोठ्यातून बैलाची पितळी घुंगरमाळ गेली. पाटील म्हणाला, तांड्याचं काम. गावही म्हणालं, तांड्याचंच. काही हरवलं की विचार करत बसण्यापेक्षा तांडा जवळ पडे. दुपारी रामधन जमादार शिपायाला घेऊन आला आणि जगदेवनं कोट चढवला.

जमादार घोड्यावर, मागं जगदेव, त्यामागं चालता चालता डुलक्या घेणारा उकंडा. नाला ओलांडताना घोडा घसरला आणि खोगिराच्या पडशीतून छन् छन् असा आवाज आला. जगदेवला कौतुक वाटलं.

"जमादारसायेब, घोड्याले घुंगरं बांधले का पोळ्याचे?"

रामधननं मागं वळून पाहिलं. "चुप चल."

जगदेव चुप चालला.

तांड्यात जमादार दौलतसिंगाच्या झोपडीपुढं थांबला. तीच का, हे कुणी विचारलं नाही. दौलतसिंग म्हणजे काटक, तिशीतला माणूस. आजोबाच्या काळी त्यांच्या घरचे बैल मीठ लादून दूरदूर जात. आता तो गावच्या शेतांत मजुरी करी. तो बाहेर आला, हात जोडून उभा राहिला. रामधननं पंचांना पळसाखालची खाट दाखवली, सुपारीची खांडं दिली, पडशी खांद्यावर टाकली आणि शिपायासह आत शिरला. आत भांडी पडली. दौलतसिंगाची बायको सुंदरबाई आतून मोठ्यानं काहीतरी बोलली. थोड्या वेळानं जमादार बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात घुंगरमाळ होती.

"छप्पर में से निकाली. देखा ना पंच?"

दौलतसिंग जमादाराकडे बघतच नव्हता. तो खाटेकडे आला.

"पंच, तुमी आत या. एकडाव या. कुठून काढली थे जागा त पाहा! माया छपराले धूळ हाय बोटभर. माळेले धूळ हाय का पाहा!"

जगदेव उठला. अर्धा उठला म्हणणं जास्त बरोबर. तोंडात सुपारी होती. जमादारानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद पुढं केला. जगदेवला पाटील आठवला, चैत आठवला, पाच आठवले. 'घरात शिरून आमचे समक्ष छपरातून काढली' असं लिहिलेल्या कागदावर त्याचा सुबक अंगठा उमटला. उकंड्याला जागं करून त्याचाही घेतला.

परतताना दोरीनं बांधलेला दौलतसिंग पुढं होता आणि माळ फडक्यात घट्ट बांधून शिपायाच्या काखेत होती. नाल्यात घोडा पुन्हा त्याच दगडावरून घसरला. पडशी मुकी होती.

जगदेव नाल्याच्या मध्यात उभा राहिला. पाणी घोट्यावरून वाहत होतं.

"चाल ना बे," उकंडा म्हणाला, "पाय काय धुऊन राह्यला?"

पोळा झाला. जगदेवनं बैल सजवले आणि त्यांच्या गळ्यात घंटा बांधायचं विसरला. घंटा बांधल्याच नाहीत, हे गोजराबाईनं पाहिलं आणि बोलली नाही. ती बोलत नसली की जगदेवला जास्त भीती वाटे. तो रोज स्वतःशी हिशेब मांडी आणि तो रोज चुके. खरं सांगावं तर पाटील गेला, चैत गेला आणि वरून तोंडात गेलेल्या सुपारीशी बेइमानी. पुंजाजीच्या पोरानं जीभ फिरवली म्हणतील. न सांगावं तर दौलतसिंगाला वर्ष-दोन वर्षं आत. आणि तो तर आतच होता. जामिनाला तांड्यात कुणाकडे जमीन नव्हती.

जगदेवनं मारुतीला कौल लावला, तर फूल डावीकडे पडलं. उजवी म्हणजे सांगावं की डावी म्हणजे सांगावं, हे त्यानं आधी ठरवलं नव्हतं. त्यानं पुन्हा कौल लावला, तर फूल पडेचना. मारुतीसुद्धा या पंचनाम्यात पडायला राजी नव्हता.

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीला तांड्यातल्या बाया आल्या. त्यांत सुंदरबाई होती. जगदेव शेताच्या धुऱ्यावरून तिला बघून कपाशीच्या ओळींमधल्या दुसऱ्या तासात शिरला. ती त्या तासात आली तर हा तिसऱ्यात. अख्खी सकाळ स्वतःच्या वावरात तो चोरासारखा फिरला. दुपारी बाया बाभळीखाली भाकरी सोडून बसल्या आणि पाण्याचा माठ नेमका तिथंच होता. तहान दाबत तो तासभर उन्हात राहिला. शेवटी आलाच.

सुंदरबाईनं भाकरीवरून नजर उचलली. रडारड नाही, शाप नाही.

"पंच, एक इचारू? तुमी आत आल्ते का?"

बाकीच्या बायांचे घास थांबले. जगदेवनं पाण्याचा गडू तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही काढला नाही.

"मी आतच होती," सुंदरबाई म्हणाली. "मले तुमी दिसले नाई. म्हून इचारलं. दुसरं काई नाई." आणि ती पुन्हा भाकरी खाऊ लागली.

त्या रात्री जगदेवनं आपली भाकर बैलापुढं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाईनं कापसाचं गाठोडं त्याच्या पाठीवर द्यायच्या ऐवजी जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसली.

"बोला आता. दोन महिने झाले, तुमी घरात भुतासारखे फिरून राह्यले."

जगदेवनं सांगितलं. नाला, छन् छन्, खाट, सगळं. शेवटी म्हणाला, "पन सुपारी खाल्ली ना वो मी. तोंडात गेली. आता जीभ कशी फिरवू? बापानं जल्मभर..."

"कोनती सुपारी?"

"जमादारानं देल्ली थे."

"घोंगडी होती का?"

"नाई. खाट होती."

"किती सुपाऱ्या होत्या?"

"दोन खांडं."

"पाच नाई?"

"नाई."

"जागा पाह्यली, मंग खाल्ली?"

जगदेव चंचीचा बंद सोडून पुन्हा बांधू लागला.

"म्हंजे खिशातली सुपारी, खाटेवर बसून, न पाहता खाल्ली," गोजराबाई म्हणाली. "थे पंचाची सुपारी नोय. थो पावनचार होय. पावनचाराले कोनी कायले बांधला जाईन? मामंजीनं नऊ दिवस काय नुसता आडमुठेपना केला का? त्याईले दिसलं नवतं, त्याईनं उचलली नाई. तुमाले दिसलं नाई, तुमी चघळली. बाप-लेकात फरक एवढाच."

जगदेवला हे इतकं लागलं की तो गाठोडं विसरून वावरात गेला आणि गाठोड्यासाठी परत आला.

मंगरुळच्या कचेरीत तारीख लागली मार्गशीर्षात. आदल्या दिवशी पाटलानं निरोप धाडला होता: 'कागदावर हाय तेच बोलजो. चैत जवळ आला.' जगदेव कोट घालून गेला. गोजराबाईनं बाह्या आत दुमडून टाचल्या होत्या, पण वाटेत त्या सुटल्या. दौलतसिंग पिंजऱ्यापाशी उभा होता. तो इतका वाळला होता की त्याला ओळखायला जगदेवला वेळ लागला, आणि ओळखल्यावर त्यानं भिंतीकडे पाहिलं. मागं तांड्याचा नायक उदयसिंग पागोटं मांडीवर ठेवून बसला होता. सुंदरबाई दाराबाहेर.

आधी उकंडा उभा राहिला. छपरातून काढली, समक्ष काढली, डोळ्यांनी पाहिलं. तो हे सगळं अगदी जागेपणी बोलला. मग जगदेव.

मॅजिस्ट्रेट म्हातारे होते, सर्दीनं बेजार होते. त्यांनी पंचनामा वाचून दाखवला. "यात लिहिलंय ते खरं?"

"लिहेल हाय, सायेब."

"ते मलाही दिसतंय. खरं आहे का?"

जगदेवचा हात चंचीत गेला. बोटांना ती दगडी सुपारी लागली. घाबरला की त्याचा हात तिथं जायचाच, पण आज तो तिथून निघेना.

"लिहेल हाय थे खरंच लिहेल हाय. पन झालं नाई तसं."

कचेरीत कुणीतरी हसलं. रामधन जमादार हसला नाही.

"म्हणजे काय?"

"मी आत गेलो नाई. खाटेवर होतो. सुपारी खाऊन राह्यलो होतो."

"मग माळ कुठून काढली?"

"थे मी पाह्यलं नाई, सायेब. पन जाताना जमादारसायबाच्या पडशीत वाजत होतं. येताना वाजलं नाई."

सर्दी असूनही मॅजिस्ट्रेटचा आवाज एकदम साफ झाला. "तू पंच आहेस ना? पंच म्हणजे काय ते ठाऊक आहे?"

जगदेवला वाटलं, हे आपल्याला खरंच विचारताहेत. त्यानं सांगायला सुरुवात केली. "पंच म्हंजे पाच, सायेब. घोंगडीवर बसतेत. मधात पाच सुपाऱ्या राह्यतेत. ज्याले दिसलं थो उचलते. ज्याले नाई दिसलं थो उचलत नाई. एक राह्यली त निवाडा होत नाई. माह्या बापानं नऊ दिवस..." इथं त्यानं चंचीतली मूठ घट्ट केली. "मी आधीच खाल्ली, सायेब. म्हून मी पंच नोय. मी दोनातला एक होतो."

कचेरीत कुणी हसलं नाही.

"आणि याआधीचे पंचनामे?"

"बारा. त्यातली म्हैस खरी हाय. म्हैस मी सोता पाह्यली."

दौलतसिंग सुटला. दोघा पंचांत एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, म्हणून संशयाचा फायदा, असं काहीतरी निकालात होतं. जगदेवला मॅजिस्ट्रेटांनी असं झापलं की शिपायांनीही माना खाली घातल्या. खोट्या कागदावर अंगठा दिला म्हणून तुलाच आत टाकायला हवं, म्हणाले. कचेरी उठेपर्यंत त्याला हात जोडून उभं केलं आणि पुन्हा कुठल्याही पंचनाम्यावर याचा अंगठा घेऊ नये, असा शेरा मारला. रामधन जमादाराची पुढं बदली झाली. बढती घेऊन गेला, असं म्हणतात.

बाहेर पडल्यावर उदयसिंग नायक जगदेवपाशी थांबला. जगदेवनं कोटाच्या बाह्या सावरल्या. नायक म्हणाला, "दौलतचा हंगाम गेला, पंच. तीन महिने लागले तुमाले." आणि गाडीकडे गेला. जगदेवनं आभाराची अपेक्षा केली होती, याची त्याला गाडीवाटेनं घरी येताना सगळ्यात जास्त लाज वाटली.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. तांड्यानं दोन बोकड दिले म्हणे. संध्याकाळी ते चार झाले. उकंडा चार लोकांत सांगू लागला की जगदेवनं बापाच्या गादीवर थुंकलं, सुपारी खाऊन जीभ फिरवली. शेजारच्या घरी वास्तुशांत झाली, तर जगदेवच्या पानापुढं पाण्याचा तांब्या आला, पण त्याच्या हातचा तांब्या कुणी घेतला नाही. तो सगळ्यांना विचारत राहिला, "पानी?" पंगत खाली मान घालून जेवत राहिली. घरी येऊन गोजराबाईनं त्याच्या हातानं माठातलं पाणी काढवलं आणि दोन तांबे घटाघटा प्याली. तिला तहान नव्हती.

"पुरे वो," जगदेव म्हणाला.

"पिऊ द्या. गावाच्या वाटनीचं पिऊन राह्यली मी."

चैतात कारकून आला. चावडीपुढं जाजम अंथरलं. जानराव पाटलानं एकेक नाव घेतलं आणि त्याच्या भुवईबरोबर हात वर गेले. पाचवं नाव उकंडा तेल्याचं निघालं. उकंडा निवडून आला, ही बातमी त्याला हलवून सांगावी लागली. पाचही जण जाजमावर बसले. पाटलानं तबक फिरवलं आणि पाचांनी सुपारी उचलून तोंडात टाकली. निवाडा कशाचाच झाला नव्हता.

कारकुनाच्या यादीत जुनं नाव राहून गेलं होतं. "जगदेव पुंजाजी? यांच्यासाठी हात?"

सगळे चावडीच्या कौलांकडे बघू लागले. जगदेव भिंतीला टेकून उभा होता. कोट घातला नव्हता. घातला नाही हे बरं केलं, असं त्याला वाटलं.

मागं, जोडे काढून ठेवतात त्या जागेवरून, एक हात वर आला.

"एक," कारकून म्हणाला. "नाव?"

"दौलतसिंग."

कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. "तांड्याची नावं यादीत नाहीत. धरता येत नाही. शून्य लिहितो."

"हात खाली घे बे," पाटील म्हणाला.

"घेतो ना," दौलतसिंग म्हणाला आणि घेतला नाही.

जगदेवला कौतुक, अभिमान, दुःख यातलं काही वाटलं नाही. पळसाखालच्या त्या खाटेवरून तो अर्धाच उठला होता, एवढंच आठवलं. तो भिंतीपासून सुटला. लोकांमधून जाजमापर्यंत गेला. चंची सोडली. पुंजाजीची सुपारी काढून पाचांच्या मधोमध ठेवली आणि कुणाशी न बोलता घराकडे चालू लागला. रस्त्यावर गोजराबाई उभी होती. ती त्याच्या बाजूनं चालू लागली.

चावडीपुढल्या म्हाताऱ्यांनी ती सुपारी ओळखली. उकंड्याचा जबडा चघळता चघळता थांबला. कारकुनाची गाडी जुंपून तयार होती. त्यानं कोतवालाला जाजम गुंडाळायला सांगितलं. कोतवालानं एक टोक उचललं, सुपारी घरंगळली तसं परत सोडलं.

"अरे, सुपारीच आहे ती. उचल की," कारकून म्हणाला.

"मी नाई उचलत, सायेब," कोतवाल म्हणाला. "पंचाची हाय थे."